अकरा सप्टेंबरचे अपहरणकर्ते: एका कटाची जडणघडण

मंगळवार, ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तीन विमानतळांवरून निघालेली चार प्रवासी विमाने १९ जणांनी ताब्यात घेतली. बोस्टनहून लॉस एंजेलिसकडे निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ११ क्रमांकाचे विमान ८ वाजून ४६ मिनिटांनी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर आदळले आणि युनायटेड एअरलाइन्सचे १७५ क्रमांकाचे विमान ९ वाजून ३ मिनिटांनी दक्षिण मनोऱ्यावर. वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावरून उडालेले अमेरिकनचे ७७ क्रमांकाचे विमान ९ वाजून ३७ मिनिटांनी पेंटागॉनमध्ये घुसले. नेवार्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले युनायटेडचे ९३ क्रमांकाचे विमान, प्रवाशांनी प्रतिहल्ला केल्यामुळे, १० वाजून ३ मिनिटांनी पेनसिल्व्हेनियातील शँक्सव्हिलजवळच्या मोकळ्या माळावर कोसळले. अपहरणकर्ते वगळता २,९७७ माणसांचा बळी गेला.

या घटनेवर लिहिताना लेखणी साहजिकच कोसळणाऱ्या मनोऱ्यांकडे वळते. येथे मात्र प्रश्न त्या १९ जणांचा आणि त्यांच्यामागच्या मोजक्या सूत्रधारांचा आहे: ही माणसे कोठून आली, एकत्र कशी आली, आणि सुमारे दोन वर्षे चाललेल्या तयारीत त्यांच्या हातून झालेल्या चुका पचल्या कशा? हा कट निर्दोष होता, हा समज चुकीचा आहे. तो अनेकदा विस्कटला, त्यातली माणसे भांडली, काही जण वाटेतच अडकले. तरीही तो तडीस गेला, कारण कल्पना, नेतृत्व आणि मनुष्यबळ या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आल्या होत्या आणि यांपैकी कोणत्याही एका गटावर नजर ठेवणाऱ्याला उरलेले दोन दिसत नव्हते.

पुराव्याबद्दल एक खुलासा आधीच केला पाहिजे. कटाचा अंतर्गत तपशील मुख्यत्वे खालिद शेख मोहम्मद आणि रमझी बिन अल-शिब या पुढे पकडल्या गेलेल्या दोन सूत्रधारांच्या जबान्यांवर उभा आहे, आणि त्या जबान्या अमेरिकेच्या गुप्त तुरुंगांत, छळाच्या वातावरणात घेतल्या गेल्या. थॉमस कीन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आणि जुलै २००४ मध्ये अहवाल देणाऱ्या तपास आयोगालाही या कैद्यांना थेट भेटू दिले गेले नाही. प्रश्न लिहून पाठवायचे आणि आलेली उत्तरे वाचायची, एवढीच मुभा होती. त्यामुळे प्रवासाच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, दूरध्वनी आणि भाडेकरार ज्याला दुजोरा देतात तेवढाच भाग पक्का धरणे योग्य ठरते.

कल्पना खालिद शेख मोहम्मदची. बलुची कुटुंबातला, कुवेतमध्ये वाढलेला हा माणूस अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात शिकून १९८६ मध्ये यांत्रिक अभियंता झाला होता. १९९३ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट घडवणारा रमझी युसेफ हा त्याचा भाचा. दोघांनी मिळून मनिलामध्ये पॅसिफिक महासागरावरून उडणारी डझनभर अमेरिकन विमाने बाँबने उडवण्याचा बेत रचला होता. जानेवारी १९९५ मध्ये त्यांच्या खोलीत रसायनांना आग लागली आणि तो बेत उघडा पडला. विमाने हेच त्याचे लक्ष्य राहिले, फक्त विचाराची दिशा बदलली. बाँब विमानात न्यायचा असेल तर तो सापडू शकतो. विमानच अस्त्र म्हणून वापरले तर न्यायला काही उरतच नाही. १९९६ मध्ये त्याने हा प्रस्ताव ओसामा बिन लादेनपुढे मांडला. मूळ प्रस्तावात दहा विमाने होती आणि दहाव्या विमानातून तो स्वतः उतरून भाषण ठोकणार होता. हा नाटकी भाग बिन लादेनने बाजूला ठेवला आणि १९९८ची अखेर ते १९९९चा प्रारंभ या सुमारास उरलेल्या बेताला मान्यता दिली. खालिद शेख मोहम्मद तोवर अल-कायदाचा शपथबद्ध सदस्यही नव्हता. बाहेरचा कंत्राटदार काम घेऊन यावा आणि मालकाने त्याला पैसा व माणसे पुरवावीत, असाच तो व्यवहार होता.

बिन लादेनने सुरुवातीला ज्यांना निवडले त्यांत नवाफ अल-हझमी आणि खालिद अल-मिहधार हे दोन सौदी तरुण होते. निष्ठा आणि लढाईचा अनुभव या दोन्ही बाबतींत ते खरे उतरले होते. दोघेही बोस्नियात जाऊन आलेले. पण त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि पाश्चात्त्य शहरात राहण्याचा सराव नव्हता. १५ जानेवारी २००० रोजी ते लॉस एंजेलिसला उतरले आणि तेथून सॅन डिएगोला गेले. हझमीने खऱ्या नावाने राहण्याची सोय केली, दूरध्वनी पुस्तिकेतही त्याचे नाव छापून आले, आणि काही काळ हे दोघे ज्या घरात भाड्याने राहिले त्या घराचा मालक एफबीआयचा खबऱ्या होता. विमान चालवायला शिकण्यासाठी ते गेले तेव्हा लहान विमानांत त्यांना रस नव्हता, थेट जेट शिकवा असा त्यांचा आग्रह होता. काही धड्यांतच शिक्षकांनी हात टेकले. जून २००० मध्ये मिहधार नवजात बाळाला पाहण्यासाठी परवानगी न घेताच येमेनला निघून गेला. खालिद शेख मोहम्मद त्याला कटातून काढायला निघाला होता, बिन लादेनने ते होऊ दिले नाही.

या दोघांचा विषय निघाला की गुप्तचर यंत्रणांचे अपयश टाळता येत नाही. जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूर येथे अल-कायदाच्या माणसांची बैठक झाली तेव्हा सीआयएची तिच्यावर नजर होती. मिहधारच्या पारपत्रावर अमेरिकेचा व्हिसा आहे, हे सीआयएला तेव्हाच कळले होते. हझमी लॉस एंजेलिसला गेल्याची माहिती मार्चमध्ये पोहोचली. तरीही दोघांची नावे संशयितांच्या यादीत गेली ती २००१ च्या ऑगस्टअखेरीस, म्हणजे मिहधार ४ जुलैला नव्या व्हिसावर पुन्हा अमेरिकेत शिरल्यानंतर. यात कोणी फितुरी केली, असे सिद्ध झालेले नाही. परदेशातील माहिती एका संस्थेची, देशातील तपास दुसरीचा, आणि मधल्या दारावर कोणाचेच नाव नाही, अशी ती व्यवस्था होती. सरकारी कचेरीत एकदा तरी फाईल शोधलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हझमी आणि मिहधार यांच्या बळावर हा बेत पुढे गेला नसता. तो सावरला हॅम्बुर्गहून आलेल्या चौघांनी, आणि या प्रकरणातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग तोच आहे.

मोहम्मद अता १९६८ मध्ये इजिप्तमध्ये, एका वकिलाच्या घरी जन्मला. कैरो विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेऊन तो १९९२ मध्ये जर्मनीला आला आणि हॅम्बुर्ग-हार्बुर्गच्या तंत्र विद्यापीठात नगररचना शिकू लागला. सीरियातील अलेप्पो या शहराच्या जुन्या वस्तीवर त्याने प्रबंध लिहिला आणि १९९९ मध्ये उत्तम गुणांनी तो उत्तीर्ण झाला. दरम्यान एका नगररचना कार्यालयात तो आरेखक म्हणून कामही करत होता. नेमके, वक्तशीर काम करणारा माणूस अशी त्याची तेथे ओळख होती. याच माणसाने १९९६ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मृत्युपत्र लिहून आपल्या कबरीपाशी स्त्रियांनी येऊ नये अशी सूचना करून ठेवली होती. मारवान अल-शेही हा अमिरातीतील रास अल-खैमाचा, लष्करी शिष्यवृत्तीवर १९९६ मध्ये जर्मनीत आलेला, खेळकर स्वभावाचा तरुण. झियाद जर्राह लेबनॉनमधील सधन घरातला, ख्रिस्ती शाळांत शिकलेला. तो हॅम्बुर्गमध्ये विमान अभियांत्रिकी शिकत होता. चौथा रमझी बिन अल-शिब, येमेनचा, ज्याने जर्मनीत आश्रय मिळवण्यासाठी स्वतःला सुदानी म्हणवून खोटे नाव लावले होते.

हार्बुर्ग भागातील मारिएनश्ट्रासे रस्त्यावरच्या ५४ क्रमांकाच्या इमारतीतील सदनिका अता आणि बिन अल-शिब यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये भाड्याने घेतली. त्या घरात आणि शहरातील अल-कुद्स मशिदीत हा गट घट्ट होत गेला. कोणा एका मौलवीने त्यांची मती फिरवली, हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी पुरेसे नाही. त्यांनी एकमेकांनाच अधिक कडवे केले, असे त्या काळातल्या ओळखीच्यांच्या जबान्यांवरून दिसते. परक्या शहरातला एकटेपणा, चेचन्या आणि बोस्नियातील युद्धांच्या ध्वनिचित्रफिती आणि रोज तीच चार माणसे. गरिबी आणि निरक्षरतेतून दहशतवाद जन्मतो, हे सूत्र या चौघांना लागू पडत नाही. त्यांचा विचार मागासलेपणातून नव्हे, आधुनिक शिक्षणाच्या आवारातच फोफावला, ही अस्वस्थ करणारी वस्तुस्थिती आहे.

त्यांना जायचे होते चेचन्याला, रशियाविरुद्ध लढायला. तिकडे पोहोचणे अवघड आहे, आधी अफगाणिस्तानला जा, असा सल्ला मिळाल्यामुळे १९९९ च्या अखेरीस ते कंदाहारला गेले. तेथे बिन लादेन आणि त्याचा लष्करी प्रमुख मोहम्मद आतेफ यांना हवी होती तीच माणसे अलगद हाती आली: इंग्रजी समजणारी, युरोपात वावरलेली, तांत्रिक शिक्षण घेतलेली. काही आठवड्यांतच अताला नेता नेमण्यात आले. परत आल्यावर पाकिस्तानच्या शिक्क्यांचा माग राहू नये म्हणून तिघांनी पारपत्रे हरवल्याचे सांगून नवी मिळवली, दाढ्या काढल्या, मशिदीत जाणे कमी केले, आणि अताने मार्च २००० पासून अमेरिकेतील ३१ वैमानिक प्रशिक्षण संस्थांना ई-मेल पाठवून चौकशी सुरू केली.

त्याच हिवाळ्यात, त्याच कंदाहारच्या धावपट्टीवर, इंडियन एअरलाइन्सचे आयसी-८१४ हे अपहृत विमान उभे होते. दोन घटनांत थेट संबंध असल्याचे मला सुचवायचे नाही. पण भारतीय वाचकाच्या मनात विमान अपहरण म्हटले की जे चित्र येते ते तिथलेच आहे: विमान खाली उतरते, मागण्या येतात, दिवस जातात, शेवटी सौदा होतो. ३१ डिसेंबर १९९९ रोजी तीन दहशतवाद्यांच्या बदल्यात प्रवासी सुटले. जगभरच्या विमान कंपन्यांची कार्यपद्धती अशाच अनुभवांवर बेतलेली होती. अपहरणकर्त्याशी वाद घालू नका, त्याचे ऐका, विमान उतरू द्या, पुढचे वाटाघाटी करणारे पाहतील. या शहाणपणावरच नव्या कटाची सारी भिस्त होती.

अता आणि शेही जुलै २००० मध्ये फ्लोरिडातील व्हेनिस या गावी प्रशिक्षणाला लागले. जर्राह त्याच गावात दुसऱ्या संस्थेत होता. डिसेंबरपर्यंत पहिल्या दोघांना व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. बिन अल-शिबही वैमानिक होणार होता, पण त्याचा व्हिसा अर्ज वारंवार फेटाळला गेला. कारण दहशतवादाचा संशय हे नव्हते. येमेनी माणूस अमेरिकेतच राहून जाईल ही शंका होती. मग तो जर्मनीत राहून पैसे पाठवणे आणि निरोपांची देवाणघेवाण करणे ही कामे पाहू लागला. त्याची रिकामी जागा हनी हंजूर या सौदी तरुणाने भरली, ज्याला ॲरिझोनात शिकून १९९९ मध्येच परवाना मिळाला होता आणि जो अफगाणिस्तानच्या छावणीत दाखल झाल्यावर त्याचे हे कसब योगायोगाने लक्षात आले. शिक्षकांच्या मते तो कच्चा वैमानिक होता. पेंटागॉनवर विमान त्यानेच नेले.

उरलेल्या तेरा जणांविषयी माहिती कमी आहे आणि लोकांचे कुतूहलही कमी. बारा सौदी आणि एक अमिराती. वय साधारण २० ते २८. बहुतेक अविवाहित, बेकार, शाळेपलीकडे न शिकलेले, आणि त्यांतले अनेक जण सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडील दुर्गम, मागास प्रांतांतले. वाइल आणि वलीद अल-शेहरी हे सख्खे भाऊ. नवाफ अल-हझमीचा धाकटा भाऊ सालेमही त्यांत होता. प्रवासी आणि कर्मचारी यांना रोखून धरणे हे त्यांचे काम, म्हणून अमेरिकी तपासकर्त्यांनी त्यांना दांडगट ठरवले. प्रत्यक्षात बहुतेकांची उंची साडेपाच फुटांच्या आसपास आणि शरीरयष्टी सडपातळ होती. छावणीत त्यांना सुऱ्याने मेंढ्या आणि उंट कापण्याचा सराव दिला गेला. रक्त पाहून हात थरथरू नये, हा त्यामागचा हेतू. सौदी नागरिकांना अमेरिकी व्हिसा सहज मिळे, एवढ्या साध्या कारणाने भरतीचा झोत सौदी अरेबियाकडे वळला. एप्रिल ते जून २००१ या काळात ते दोघा-दोघांनी येऊन फ्लोरिडा आणि न्यू जर्सीत विखुरले. आपण मरायला आलो आहोत हे त्यांना ठाऊक होते; कसे, कोठे आणि केव्हा, हे बहुतेकांना अगदी उशिरा सांगितले गेले.

उन्हाळ्यात कट तडकायला आला होता. जर्राहची एक प्रेयसी जर्मनीत होती. तो तिला जवळजवळ रोज फोन करी, पाच वेळा देशाबाहेर जाऊन आला, आणि अताशी त्याचे पटेनासे झाले. जुलैच्या अखेरीस तो जर्मनीला निघाला तेव्हा तो परत येईल की नाही याची वरिष्ठांनाही खात्री नव्हती. बिन अल-शिबने त्याला गाठून समजावले आणि तो परतला. या माणसाकडे पाहताना मला नेहमी अडखळायला होते. अता हा एकसुरी कर्मठ होता, त्याचा शेवट त्याच्या आयुष्याशी जुळतो. जर्राहला मागे वळायला दार उघडे होते आणि ते त्याला दिसतही होते. तरी तो गेला नाही. एका निर्णयाला एकच कारण असते असा आपला आग्रह असतो, आणि या आग्रहाला हे प्रकरण दाद देत नाही.

ऑगस्टमध्ये दोन धागे अमेरिकी यंत्रणांच्या हाती जवळजवळ लागलेच होते. ४ ऑगस्टला मोहम्मद अल-कहतानी हा सौदी तरुण ऑर्लँडोला उतरला. परतीचे तिकीट नाही, राहण्याचा पत्ता नाही, उत्तरे उर्मट. आगमन विभागातील अधिकारी होसे मेलेंडेझ-पेरेझ यांनी त्याला आल्या पावली परत पाठवले. त्याच वेळी अता त्याला घ्यायला विमानतळावर आलेला होता. युनायटेड ९३ मध्ये इतर विमानांसारखे पाच न जाता चारच अपहरणकर्ते गेले, त्याचे बहुधा कारण हेच. एका माणसाने आपले रोजचे काम नीट केले की काय होते, याचा या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत ठळक पुरावा आहे. १६ ऑगस्टला मिनेसोटात झकारिया मुसावी पकडला गेला. विमानाचा फारसा अनुभव नसताना बोईंग ७४७ च्या सिम्युलेटरवर शिकण्याची त्याची घाई शिक्षकांना खटकली होती. पण त्याच्या लॅपटॉपची झडती घेण्यास एफबीआयच्या मुख्यालयाने ११ सप्टेंबरपर्यंत मंजुरी मिळू दिली नाही.

१० सप्टेंबरला अता अब्दुल अझीझ अल-ओमरीसह बोस्टनहून मेन राज्यातील पोर्टलंडला मोटारीने गेला आणि पहाटेच्या छोट्या विमानाने पुन्हा बोस्टनला आला. हा आडवळणाचा प्रवास कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. पोर्टलंडलाच संगणकीय छाननीने अताला संशयित ठरवले. परिणाम एवढाच की, तो स्वतः विमानात चढेपर्यंत त्याची बॅग चढवली गेली नाही. १९ पैकी निम्म्याहून अधिक जण या छाननीत निवडले गेले होते. पण यंत्रणा शोधत होती बॅगेतला बाँब, बॅगेचा मालक नव्हे. चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात नेण्यास तेव्हा बंदीही नव्हती. एकूण खर्च चार ते पाच लाख डॉलर, तोही साध्या बँक खात्यांतून गेलेला. शेवटच्या दिवसांत उरलेले सुमारे २६ हजार डॉलर त्यांनी अमिरातीतील हस्तकाला परत पाठवले, असा तो हिशेबी कारभार होता.

११ क्रमांकाच्या विमानातून बेटी ऑंग या हवाई सुंदरीने मागच्या भागातून फोन लावून, स्थिर आवाजात, कोणाला भोसकले गेले आणि कॉकपिटशी संपर्क कसा होत नाही, हे कंपनीला सांगितले. ऐकणाऱ्यांना कळायला वेळ लागला, कारण त्यांच्या डोक्यात जुने अपहरण होते. ९३ क्रमांकाच्या विमानाला नेवार्कहून निघायला सुमारे २५ मिनिटे उशीर झाला, म्हणून त्यातील प्रवाशांना नातेवाइकांच्या फोनवरून न्यूयॉर्कची बातमी समजली. सौदा होणार नाही हे ज्या क्षणी उमगले, त्या क्षणी जुना नियम गळून पडला आणि ते उठले.

पुढचा हिशेब अर्धवट राहिला. मोहम्मद आतेफ नोव्हेंबर २००१ मध्ये हवाई हल्ल्यात ठार झाला. बिन अल-शिब ११ सप्टेंबर २००२ रोजी कराचीत आणि खालिद शेख मोहम्मद १ मार्च २००३ रोजी रावळपिंडीत पकडला गेला. बिन लादेनला मे २०११ मध्ये ॲबटाबादला अमेरिकी कमांडोंनी ठार केले. मुसावीला २००६ मध्ये जन्मठेप झाली. हॅम्बुर्गच्या गटातील मुनीर अल-मुतासादिक याला जर्मन न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा दिली आणि ती भोगून तो मोरोक्कोला परत पाठवला गेला. म्हणजे साध्या फौजदारी न्यायालयांत निकाल लागले. सूत्रधाराला मात्र ग्वांतानामोच्या लष्करी आयोगापुढे उभे केले गेले. तत्पूर्वी केवळ मार्च २००३ या एका महिन्यात त्याच्यावर १८३ वेळा पाण्याने गुदमरवण्याचा प्रयोग झाला होता. अशा कबुलीजबाबाला न्यायालयात किती वजन द्यायचे, यावर वर्षानुवर्षे युक्तिवाद चालला. २०२३ मध्ये बिन अल-शिब मानसिकदृष्ट्या खटल्यास सामोरे जाण्यास अक्षम ठरवला गेला. जुलै २०२४ मध्ये खालिद शेख मोहम्मद आणि अन्य दोघांनी फाशी टळण्याच्या अटीवर गुन्हा कबूल करण्याचा करार केला, संरक्षणमंत्री लॉईड ऑस्टिन यांनी दोन दिवसांत तो मागे घेतला, आणि ही माघार वैध असल्याचा निर्णय जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी दिला. हल्ल्याला २४ वर्षे होत आली असताना मुख्य खटला पुन्हा सुनावणीपूर्व अर्जांवर येऊन थांबला.